घंटीला बांधलेली चिंधी

माझा कोणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. एका सरकारी ऑफिसच्या स्टोअरमध्ये माझी अर्धी जिंदगी गेली. पाइप किती आले, किती बसले आणि उरलेले कोणाच्या वावरात जाऊन पडले, हे पाहणं माझं काम. त्यामुळे समोरचा माणूस दोनदा ‘मॅडम’ म्हणाला की माझं लक्ष त्याच्या पिशवीकडे जातं. घरी आल्यावर ही सवय काही चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, तू भाजीवाल्याकडे असं पाहतेस जसा तो भेंड्या चोरून विकून राह्यला. पाहते तर पाहते. पण या स्वभावापायी घरातलं एक माणूस जाता जाता राहिलं, आणि ती गोष्ट मी आजवर कोणाला सरळ सांगितलेली नाही.

यवतमाळच्या आमच्या घरात हॉलचं काम काढलं ते होळी झाल्यावर. वर जिप्समच्या शीटचं खोटं छत टाकायचं, आणि हॉल नि स्वयंपाकघर यांच्या मधली विटांची भिंत काढून तिथे तसल्याच शीटची पातळ भिंत उभी करायची. आतून सगळा पत्र्याच्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, छतभर जाळं, आणि त्यावर स्क्रूनं आवळलेली शीट. पुट्टी आणि रंग झाला की आत लोखंड आहे हे सांगूनही कोणाला पटू नये इतकं साफ. त्या नव्या भिंतीत कोनाडा काढून देवघर केलं. देवांच्या डोक्यावर एक छोटा विजेचा दिवा बसवला आणि छतातल्या पट्टीला हूक अडकवून सासूबाईंची जुनी पितळी घंटी साखळीनं टांगली.

सासूबाईंना हे छत पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. डोक्यावर झाकण ठेवल्यासारखं वाटते म्हणायच्या. मी मनात नोंद करून ठेवली, की या बाई आता वर्षभर छतात काहीतरी खोट काढत राहणार.

वायरमन चाळिशीचा, दारव्हा रस्त्याकडच्या एका तांड्यावरचा. घरची शेती होती, आणि शेतीतून हात मोकळा झाला की तो वायरिंगची कामं धरायचा. बोलायचा कमी. फोन आला की गॅलरीत जाऊन त्यांच्या बोलीत बोलायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि जे कळत नाही ते माझ्याबद्दलच चाललेलं असतं अशी माझी पक्की समजूत. सासूबाई मात्र त्याला दोनदोनदा चहा देत आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. यांचं एवढं काय गुळपीठ, असं मला वाटायचं.

छताला शीट लागायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, हिरव्या वायरचं एक बंडल अजून लागेल. मी विचारलं, कायले? अर्थिंगची हिरवी वायर तर मी आधीच आणून दिली होती. फ्रिजला झाली, गिझरला झाली, सगळ्या बोर्डांना झाली. तो म्हणाला, छताच्या आणि भिंतीच्या लोखंडाला अर्थिंग द्यायचं राहिलं आहे.

छत काय फ्रिज आहे का, असं मी त्याला विचारलं. मोठ्यानं विचारलं, कारण बाजूला दोन कारागीर उभे होते आणि मला कोणी मूर्ख बनवू शकत नाही हे त्यांनाही कळायला पाहिजे होतं. तो शांतपणे समजावत राहिला. शीट आवळताना एखादा स्क्रू आतल्या वायरला घासतो, वरून काही दिसत नाही, आणि मग सगळ्या सांगाड्यात करंट उतरतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो आणि मेन पडून लाइट जाते, म्हणजे कळते तरी. आणि नसलं तर?

“नसलं तर तो करंट माणसाची वाट पाहत बसते, मॅडम. खरं सांगून राह्यलो, मॅडम.”

दोनदा ‘मॅडम’. मला सगळं दिसलं. बंडल मागवायचं, त्यातली दहा हात वायर लावायची आणि उरलेली तांड्यावर. असली बंडलं मी ऑफिसात डोळ्यांदेखत चालत जाताना पाहिली आहेत. मी सांगितलं, बंडल मिळणार नाही, आहे त्यात काम उरका. तो मग गॅलरीत जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला, आणि येताना स्वयंपाकघरात सासूबाईंपाशी थांबून काहीतरी पुटपुटला. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी शीट लागल्या. नवऱ्याला मी यातलं काही बोलले नाही. एक चोरी वाचवली, त्यात सांगायचं काय.

उन्हाळा चांगला गेला. श्रावणात झड लागली, आठ आठ दिवस ऊन नाही, आणि गच्चीतून थोडी ओल खाली उतरली. देवघराच्या वर छताच्या कोपऱ्यात एक पिवळट डाग आला. त्याच आठवड्यात सासूबाई सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “घंटी चावते.”

मी पोळी लाटत होते. म्हटलं, आई, घंटी कशी चावेल? त्या म्हणाल्या, हात लावला की झिणझिण्या येतात, खांद्यापर्यंत. भिंतीतला फोटो टांगायचा स्क्रूही चावते. त्या वायरमनला बोलाव. वायरमनचं नाव काढलं तिथेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, बरोबर आहे, बंडल राहिलंय ना अजून.

तरी मी परीक्षा घेतली. खोटं बोलणाऱ्याला संधी दिल्याशिवाय मी कोणाला खोटं म्हणत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले, पर्स सोफ्यावर टाकली आणि सँडल पायात तशाच ठेवून देवघरापाशी गेले. सासूबाईंनी देवांवरचा दिवा लावून दिला. मी साखळी धरली, घंटी धरली, चांगली मूठ आवळून धरली. काही नाही. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या माझ्या पायांकडे पाहत होत्या. म्हणाल्या, देवासमोर पायातलं तरी काढत जा बाई. मला वाटलं, पकडल्या गेल्या म्हणून आता विषय बदलून राहिल्या.

आज हे लिहिताना मला माझीच कीव येते. सासूबाई रोज पहाटे अंघोळ करून ओलेत्यानं पूजा करणाऱ्या. अंगावर ओलं लुगडं, पाय अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. आणि मी रबराचे जाड तळवे घालून, कोरड्या हातानं, त्यांची परीक्षा घेतली होती. पण तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, मी स्वतः धरून पाहिलं, काही नाही.

मग त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. गुरुवारी घंटी चावत नाही. मी हसले. म्हटलं, वा, गुरुवार पाळते वाटतं तुमची घंटी. आमच्या भागात गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, हे मलाही माहीत होतं. त्या दिवशी मोटर चालत नाही म्हणून मी आदल्या रात्रीच बादल्या भरून ठेवायचे. दोन्ही गोष्टी माझ्याच घरात घडत होत्या आणि मी त्या एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या नाहीत.

पाहिल्या नाहीत, कारण मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आमच्याकडे बसतात, सासऱ्यांच्या वेळेपासून. मोठे दीर मारेगावला, आणि मोठ्या जाऊबाईंची कित्येक वर्षांची इच्छा, की एकदा तरी महालक्ष्म्या त्यांच्याकडे बसाव्यात. आमच्याकडे महालक्ष्म्यांची जागा अशी सहज हलवत नाहीत. ज्या घरी बसतात त्या घरचा मान असतो, आणि तो मान माझा होता. मी सोळा भाज्या चिरत, पुरण घाटत, ऑफिसची रजा घालवत तो सांभाळला होता. आता सासूबाई रोज दुपारी जाऊबाईंशी फोनवर बोलायच्या आणि मी रजेवर घरी असले की आवाज बारीक करायच्या. आणि एक दिवस म्हणाल्या, यंदा या हॉलात बायका बोलावू नको. महालक्ष्म्या यंदा मारेगावलाच बसू दे.

मला जे समजायचं ते समजलं. घंटी चावते, भिंत चावते, म्हणजे घराला काहीतरी दोष आहे, म्हणजे देवीला इथे नको. किती सोपं. संताप संताप झाला माझा. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईचं एक तर डोकं फिरलंय नाहीतर माझं फिरवायचं चाललंय. तो बिचारा पहिल्या शक्यतेला घाबरला. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवू म्हणाला. मग आमचं ठरलं की महालक्ष्म्या इथेच बसवायच्या, आणि त्या उठल्या की सासूबाईंना मारेगावला पाठवून द्यायचं. हवापालट म्हणून. परत कधी आणायचं ते आम्ही बोललो नाही, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

त्यानंतर त्यांनी मला घंटीच बंद केली. ऑफिसला निघताना देवाला हात जोडायचे आणि घंटी वाजवायची, ही माझी लग्नापासूनची सवय. एका सकाळी मी हात वर केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, “तू घंटीले हात लावू नको. मी वाजवत जाईन तुझ्या वाटची.” माझ्याच घरात! त्या दिवशी ऑफिसात मी तीन माणसांची बिलं परत पाठवली.

आणि मग ती चिंधी आली. घंटीच्या आतल्या लोलकाला आणि वरच्या साखळीला एक रेशमी चिंधी गुंडाळून गाठ मारलेली. जुन्या सोवळ्याची होती, ओळखता येत होती. विचारलं तर म्हणाल्या, असू दे. बस, असू दे. आता तुम्हीच सांगा, सण तोंडावर आला असताना, घर सोडून देवी न्यायच्या गोष्टी चाललेल्या असताना, देवघरात अशी गाठ मारलेली चिंधी दिसली तर माणसानं काय समजायचं? मी समजले की हे काहीतरी उताऱ्यातलं, करणीतलं आहे. मी शिकलेली बाई, माझा असल्यावर विश्वास नाही. पण त्यांचा असेल, आणि तो माझ्याविरुद्ध असेल, याबद्दल मला शंका नव्हती. मी ती चिंधी सोडून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी नवी बांधलेली. ती टाकली, तिसरी आली. आम्ही दोघी एकमेकींना एक शब्दही न बोलता हे चार दिवस करत होतो. त्या बांधायच्या, मी सोडायची.

पाचव्या दिवशी त्या उठल्या उठल्या चिंधी बांधून अंघोळीला गेल्या आणि मी ती सोडली. या वेळी टाकली नाही. नवऱ्याला दाखवायला पुरावा म्हणून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. देवघरातला दिवा तेव्हा बंद होता. तो पूजेलाच लागायचा.

मी चहा गाळत होते. घंटीचा एकच टोल ऐकू आला, अर्धवट, आणि लगेच तांब्या पडल्याचा आवाज. पळत गेले तर सासूबाई देवघरासमोर पाण्यात आडव्या पडलेल्या, साखळी वर हेलकावे खात होती. साखळी थांबवायला मी त्यांच्या अंगावरून हात पुढे केला तसा त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात वर केला.  “घंटीले हात नको लावू,” एवढंच म्हणाल्या. नवऱ्यानं मेन स्विच पाडला. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर शंका घेत नव्हते. नुसती घाबरले होते.

वाचल्या. धक्क्यानं मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. धरून राहिला असता हात तर बोलणंच नको. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती, आणि हृदयाचे ठोके पाहायला दोन दिवस ठेवून घेतलं. कागद भरायला आधार कार्ड मागितलं म्हणून मी त्यांच्या खाटेशी बसून पर्स उपसत होते, आणि कार्डाच्या आधी ती चिंधी माझ्या हातात आली.

त्यांनी पाहिली. मी मूठ मिटली, पण पाहिली त्यांनी. 

“तू काढत होती का? मले वाटे, उंदीर नेते.”

मी मान खाली घातली. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानं मला जास्त लागलं. म्हणाल्या, “तू ऑफिसच्या घाईत भांडी धुतल्या हातानंच घंटी वाजवते. सांगून पाहिलं, तुले पटलं नाही. म्हणून रेशीम बांधत होती. रेशमातून करंट येत नाही म्हणतात.”

मी रडले. वॉर्डात चार माणसांसमोर, नाक ओढत ओढत रडले. आणि संध्याकाळी मारेगावहून जाऊबाई आल्या तेव्हा उरलंसुरलं कळलं. फोनवर रोज बारीक आवाजात काय चालायचं? तर मोठ्या दिरांनी तिकडून एखादा वायरमन पाठवावा, छोट्या सुनेला पत्ता लागू न देता, कारण तिला वाटते सगळे तिला लुटायला बसले आहेत. सासूबाई महालक्ष्म्या मारेगावला बसू दे म्हणत होत्या तेही एवढ्यासाठीच, की इथे शंभर बायका येतील, हळदीकुंकवाच्या ओल्या हातानं प्रत्येक जण घंटी वाजवेल.

सासूबाई घरी यायच्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या त्याच वायरमनला बोलावलं. आला तो पिशवीत ब्लेड आणि टेस्टर घेऊन. मेन सुरू करून, दिवा लावून त्यानं टेस्टर साखळीला लावला, तशी टेस्टरची लाल बत्ती पेटली. मग लाइट बंद करून त्यानं डागाजवळची शीट चौकोनी कापली आणि आम्हाला वर चढून पाहायला लावलं. देवघराच्या दिव्याची वायर पट्टीवरून गेली होती आणि एक स्क्रू तिच्या कडेला घासून आत शिरला होता. तिथे सगळं ओलं आणि काळं पडलेलं.

नवरा त्याच्यावर तुटून पडला. एवढी वर्षं काम करता, छताच्या लोखंडाला अर्थिंग द्यायचं तुम्हाला कळत नाही, माझी आई मेली असती. वायरमन स्टुलावर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातल्या ब्लेडकडे पाहत राहिला आणि गप्प ऐकत राहिला. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, हा गप्प का? याला माझ्याकडून काय पाहिजे? मग माझी मलाच किळस आली.

“त्यांनी सांगितलं होतं,” मी म्हटलं. “मीच नको म्हटलं. वायर चोरून नेतील असं मला वाटलं.”

 वायरमन खाली उतरला आणि म्हणाला, जाऊ द्या ताई, होते असं. ‘मॅडम’ म्हणाला नाही. मी त्याला विचारलं, त्या दिवशी गॅलरीत फोनवर काय बोलत होता? तो जरा लाजला. घरी बायकोला विचारत होता म्हणे, मालकीण अर्थिंग नको म्हणून राह्यली, आता काय करू? बायको म्हणाली, त्या घरच्या म्हातारीला तरी सांगून ठेवा. म्हणून त्यानं सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, चावलं तर मला लगेच बोलवा.

दिवसभर त्यानं काम केलं. वायर बदलली, छताच्या आणि भिंतीच्या सांगाड्याला हिरवी वायर जोडून ती बोर्डातल्या अर्थिंगला नेली, आणि करंट गळाला तर आपोआप लाइट पाडणारा स्विच बसवला. हिरव्या वायरचं आख्खं बंडल मी स्वतः जाऊन आणलं होतं. उरलेली वायर त्यानं नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवली. ती मी घरी ठेवून घेतली. त्याला देऊन टाकावी असं वाटलं होतं, पण तसं केलं असतं तर तो आणखी एक अपमान झाला असता.

संध्याकाळी सासूबाईंना घरी आणलं. त्यांचा उजवा हात पट्टीत होता. वायरमननं त्यांच्यासमोर दिवा लावला, टेस्टर साखळीला लावून दाखवला, बत्ती पेटली नाही. म्हणाला, आता कोणीही हात लावा, अनवाणी लावा, ओल्या हातानं लावा. मी पायातल्या चपला काढल्या. माझं ठरलं होतं की आधी मी लावणार. अनवाणी उभी राहिले आणि खरं सांगते, हात उचलेना. त्यानं केलेलं काम मी स्वतः दिवसभर उभं राहून पाहिलं होतं, तरी उचलेना.

तेवढ्यात सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तांब्यात डावा हात बुडवला, आणि मी अडवायच्या आत घंटी धरली. धरून ठेवली. तोंडाकडे मी पाहत होते, कुठे काही हलतं का. मग त्यांनी एक टोल दिला आणि बाजूला सरकल्या.

“वाजव आता,” म्हणाल्या.